गोगँ म्हणे स्वयंभू!

कोबाल्टनिळा: काल फ्रेंच चित्रकार पॉल गोगँवरच्या एका पोस्टमध्ये वाचलं, 'गोगँ स्वयंभू होता. त्याने कुणाकडून काही घेतलं नाही, बाकीच्यांनी त्याच्याकडून घेतलं.' खाली बदामांचा नुसता पाऊस. राहवेना म्हणून लिहितोय.

शेअर बाजारात नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी चित्रं, अशा या माणसाला चित्रकार पिसारोने पॅरिसजवळच्या पाँत्वाजला शेजारी बसवून शिकवलं. चित्रकार सेझानचं एक स्थिरचित्र गोगँने स्वतःच्या संग्रहात जपलं होतं. १८९० मध्ये एका बाईच्या व्यक्तिचित्रात मागे तेच रंगवून टाकलं. आणि १८८८ चा, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या पाँ-आव्हाँ गावचा उन्हाळा? वीस वर्षांच्या एमिल बर्नारने हिरवळीवरच्या ब्रेतों, म्हणजे त्या प्रांतातल्या, बायका रंगवल्या. सपाट हिरवट-पिवळी जमीन, क्षितिजाचा पत्ता नाही, पांढऱ्या टोप्या, आकृतींभोवती जाड गडद रेघ. पाठोपाठ गोगँचं 'प्रवचनानंतरचा दृष्टान्त'. टोप्या त्याच, रेघ तीच, जमीन तेवढी लाल. स्वयंभू!

तिरकसराव: आली, बर्नारची वकिली आली. त्या रेघेवर त्याचा तरी सातबारा होता का? मार्च १८८८ मध्ये समीक्षक द्युजार्दँने सपाट रंग आणि जाड रेघ या शैलीचं 'क्लॉइझोनिझम' असं बारसं केलं ते चित्रकार अँकेतँची चित्रं बघून. अँकेतँने घेतलं जपानी छापचित्रांतून. असं मागे जात राहिलात तर कुणाच्याच हाती काही लागणार नाही. बर्नारच्या चित्रात रविवारची गर्दी आहे. गोगँच्या चित्रात एक झाड तिरकं पडून अख्खं चित्र चिरतं, अलीकडे डोळे मिटलेल्या बायका, पलीकडे त्यांना 'दिसणारी' बायबलातली याकोब-देवदूताची कुस्ती. हे बर्नारला सात जन्मांत सुचलं नसतं.

शाईचा डाग: कुस्तीचे पेच जपानी चित्रकार होकुसाईच्या पैलवानांचे, तेही सांगा की.

मी बर्नारच्या बाजूने. जाहिरात एजन्सीत असताना माझं लेआउट साहेबांनी क्लायंटपुढे 'आमची कल्पना' म्हणून ठेवलं. मी कोपऱ्यात लॅपटॉपची वायर धरून उभी. बक्षीस मिळालं तेव्हा यादीत माझं नाव नाही. १८९१ च्या मार्चमध्ये समीक्षक ओरिएने गोगँवर मोठा लेख लिहिला. हा ओरिए बर्नारच्या ओळखीतला. लेखात बर्नारचं नाव शोधून दाखवा!

तिरकसराव: ताई, तुमच्या साहेबांचा राग गोगँवर काढू नका. तो १९०३ लाच गेला.

निवृत्त कलाशिक्षक: अनुयायांचं कुणी बोलतच नाही. ऑक्टोबर १८८८ मध्ये तरुण चित्रकार सेरूझिएला गोगँने रानात उभं करून सांगितलं, झाडं पिवळी दिसतात ना, मग पिवळा लाव. त्याने रंगवलेली तेवढीशी फळी पॅरिसला गेली आणि दनी, बोनार, व्हुइयार हे तरुण चित्रकार वेडे झाले. बर्नारने एवढी माणसं घडवली का? आमच्या वेळी वर्गात मास्तर 'सावली कुठाय?' विचारून कागद फाडायचे. असा मास्तर मला मिळाला असता तर!

फुकटचंबू: आणि ताहिती बेटावर गोगँने घरात ठेवलेली तेहामाना? तेरा-चौदा वर्षांची पोर. त्याबद्दल सगळे गप्प?

कोबाल्टनिळा: गप्प नाही, पण त्याला वेगळा धागा हवा. इथे चार ओळींत गुंडाळला तर तिच्यावरच अन्याय.

दख्खनी: ताहितीला गेलाच आहात तर जावातला बोरोबुदूरचा बौद्ध स्तूपही पाहून घ्या. तिथल्या शिल्पांचे फोटो गोगँ सोबत घेऊन गेला होता. त्याच्या 'इया ओराना मारिया' या ताहितीतल्या चित्रामध्ये हात जोडलेल्या बाया सरळ त्या शिल्पांतल्या. म्हणजे बौद्ध कला गोगँकडे, आणि गोगँकडून आपल्या चित्रकार अमृता शेरगिलकडे. तरी आपण म्हणणार, शेरगिल पॅरिसहून गोगँ घेऊन आली.

निवृत्त कलाशिक्षक: आलीच की. १९३४ चं ताहितीयन रूपातलं आत्मचित्र बघा. १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीने 'तीन मुली'ला सुवर्णपदक दिलं. त्यातली सपाट पार्श्वभूमी आणि ते सुस्तावलेपण शंभर टक्के गोगँ.

दख्खनी: आणि अजिंठा पाहिल्यावर? तिचं 'ब्रह्मचारी' बघा. पांढरी धोतरं, उघडी अंगं, काटकसरीने लावलेला रंग. अजिंठ्याला पहिल्या लेण्यात आधी काहीच दिसत नाही. मिणमिणत्या उजेडाला डोळे सरावले की पद्मपाणीच्या खांद्यावरून उतरणारी तांबूस रेघ दिसते. कुठे जाड, कुठे केसाएवढी. गोगँची रेघ सगळीकडे एकाच जाडीची, कुंपण घातल्यासारखी.

तिरकसराव: कुंपण! 'दृष्टान्त'चं मूळ चित्र एडिंबरोत आहे, पाहिलंय का? का मोबाइलवर?

दख्खनी: तुम्ही अजिंठा पाहिलाय का? का सहलीच्या बसमधून?

निवृत्त कलाशिक्षक: अहो, पॅरिसमध्ये शिकली नसती तर तिला अजिंठा दिसला असता का? आधुनिक कलेमुळेच भारतीय कला कळली, असं तिनेच लिहून ठेवलंय.

दख्खनी: त्याच दमात तिने अजिंठ्याचं एक भित्तिचित्र अख्ख्या रेनेसाँपेक्षा मोलाचं म्हटलंय. ते सोयीस्कर गाळलंत.

शाईचा डाग: बर्नारचं काय झालं? पुन्हा विसरलात ना त्याला!

तिरकसराव: बरं बाई. पाँ-आव्हाँच्या त्या उन्हाळ्यात रेघ बर्नारने आधी मारली, दिलं. पण पुढे १९४१ पर्यंत जगून जुन्या उस्तादांच्या नकलाच काढत बसला, ते कुणाच्या नावावर टाकू?

कोबाल्टनिळा: नकला काढत असताना १९०४ ला तो दक्षिण फ्रान्समधल्या एक्स गावी सेझानकडे गेला. निसर्गाकडे नळकांडं, गोल, शंकू म्हणून बघ, हे सेझानने लिहिलं ते बर्नारलाच. पुढे वस्तू भौमितिक आकारांत मोडून रंगवणाऱ्या क्युबिझमवाल्यांनी ते वाक्य घोकलं. तेही गोगँच्या खात्यात टाका म्हणजे झालं.