गुलागच्या वेठीने सोव्हिएत उद्योग उभा राहिला का? आधी हिशोब मांडू

कुदळफावडं:

'स्तालिनने माणसं मारली, पण देश उभा केला' हे वाक्य रशियावरच्या कुठल्याही चर्चेत तिसऱ्या-चौथ्या प्रतिसादाला येतंच. माझा आक्षेप त्याच्या उत्तरार्धावर आहे. 'उभा केला' तो म्हणे गुलागच्या, म्हणजे सक्तमजुरीच्या छावण्यांच्या, जोरावर.

श्वेत समुद्र ते बाल्टिक कालवा घ्या. लांबी 227 किलोमीटर, जलपाशं (पाण्याची पातळी बदलून बोटी चढवणारे-उतरवणारे दरवाज्यांचे हौद) 19, काम 1931 च्या अखेरीपासून 1933 च्या उन्हाळ्यापर्यंत. ऐन भरात लाखाहून जास्त कैदी राबत होते. सरकारी नोंदीतच 12 हजारांवर मृत्यू आहेत. पोलाद आणि सिमेंट इतर प्रकल्पांसाठी राखलेलं, म्हणून ओंडक्यांचे चौकोनी सांगाडे करून त्यात दगड-माती भरली आणि भिंती उभ्या केल्या. दरवाजेसुद्धा लाकडी. यंत्रं नावाला, खडक फोडायला सुरुंग, घण आणि पहारी, वाहायला लाकडी हातगाड्या. एवढं करून खोली किती? सुमारे 3.65 मीटर. मोठं समुद्री जहाज त्यातून जात नाही, आणि वर्षातले जवळपास सहा महिने पाणी गोठलेलं. लाकूड कुजत गेलं तशी पुढे काँक्रीटची कामं करावी लागली.

दुसरं उदाहरण सालेखार्द-इगार्का रेल्वेचं. 1947 मध्ये ओब नदीच्या आखातात बंदर बांधायचं ठरलं, आराखडा आणि अंदाजपत्रक मंजूर नसताना काम सुरू झालं. मग लक्षात आलं की तिथे पाणी उथळ आहे, मोठी जहाजं लागणारच नाहीत. 1949 मध्ये बंदराची जागा बदलून येनिसेईवरचं इगार्का ठरलं आणि रूळ तिकडे वळले. थंडीत गोठलेल्या जमिनीवर टाकलेला मार्ग उन्हाळ्यात बर्फ वितळलं की खचायचा, लाकडी पूल वाकायचे. मार्च 1953 मध्ये स्तालिन मेल्यावर तीन आठवड्यांत काम थांबवलं. तोवर शेकडो किलोमीटर रूळ पडले होते. इंजिनं आजही तैगात गंजत उभी आहेत.

ध्रुवीय रात्र:

असहमत. सगळ्यात फसलेली दोन कामं उचलायची आणि त्यावरून पूर्ण व्यवस्था तोट्यात काढायची, याला हिशोब म्हणत नाहीत.

रशियाच्या अतिपूर्वेतला कोलिमा बघा. 1931 मध्ये तिथलं सोनं काढायला दाल्स्त्रोय ही सरकारी संस्था स्थापन झाली तेव्हा तिथल्या मगादान बंदरात धड धक्कासुद्धा नव्हता. 1937 मध्ये तिथून पन्नास टनांवर सोनं निघालं, 1940 मध्ये सुमारे 80 टन. परदेशी यंत्रं घ्यायला लागणारं चलन हेच. ध्रुवप्रदेशातल्या नोरिल्स्कचं निकेल 1942 पासून युद्धाच्या कामी आलं, आणि ते अशा वेळी की मोंचेगोर्स्कचा निकेल कारखाना हलवावा लागला होता. दोनबासचा कोळसापट्टा जर्मनांकडे गेल्यावर उत्तरेतल्या व्होर्कुताच्या कोळशाला पर्याय कुठला? 1941 च्या डिसेंबरात रूळ तिथवर पोचवले ते कैद्यांनीच.

नैतिक बाजू स्वतंत्र, तिच्यावर वाद नाही. पण उणे पन्नासमध्ये राजीखुशीने कोण जाणार होतं?

कुदळफावडं:

कोलिमाचेच आकडे पुढे न्या. 1938 च्या सुरुवातीला तिथे सुमारे 90 हजार कैदी होते, 1940 च्या सुरुवातीला सुमारे 1 लाख 90 हजार. माणसं दुपटीहून जास्त, सोनं दीडपटीच्या आसपास.

कारण तुम्हाला माहीतच असेल. दाल्स्त्रोयचा पहिला प्रमुख बेर्झिन याच्या काळात रेशन बरं होतं आणि चांगल्या कामाचे दिवस शिक्षेतून वजा व्हायचे. दयाळू नव्हता तो, पण मेलेला माणूस सोनं धूत नाही एवढं त्याला कळत होतं. डिसेंबर 1937 मध्ये त्याला अटक झाली, पुढच्या ऑगस्टात गोळी घातली. 1939 मध्ये दिवस वजा करण्याची सवलत देशभरच बंद झाली. मग कैद्याला हाकायला उरली फक्त भाकरी.

ती कशी वाटली जायची तेही बघा. कोटा पुरा केला तर जास्त पाव, कमी भरला तर कमी, दंडाच्या कोठडीत 300 ग्रॅम. पाव ओलसर, म्हणजे वजनात पाणीही आलं. कोट्यापेक्षा जास्त खणून जो वाढीव तुकडा मिळायचा, त्यातून ते जास्तीचं खणण्यात गेलेली ताकद भरून यायची नाही. म्हणून छावण्यांत म्हण होती की लहान पाव मारत नाही, मोठा मारतो. धडधाकट शेतकरी काही महिन्यांत हाडांचा सापळा व्हायचा, मग दवाखाना किंवा हलकं काम, आणि त्याच्या जागी नवी भरती. उत्पादन टिकवायचं तर अटका थांबून चालणार नव्हतं.

कमांडंटची वही:

तुम्ही दोघंही काटेरी तारांच्या आतलंच बोलताय. तारांबाहेरची वेठ याहून मोठी होती, आणि मराठीत तिच्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही.

पॉलिटब्युरोच्या (कम्युनिस्ट पक्षाच्या सर्वोच्च मंडळाच्या) 30 जानेवारी 1930 च्या ठरावानंतर 1930-31 या दोन वर्षांत 'कुलाक' म्हणजे सधन शेतकरी ठरवलेल्या सुमारे 18 लाख लोकांना उत्तरेला, उरलला, सैबेरियाला नेऊन टाकलं. खटला नाही, ठरावीक शिक्षा नाही, आणि बायकामुलांसकट अख्खं कुटुंब. हे 'खास वसाहतकरी'. कमांडंटकडे हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हद्द सोडायची नाही. पगार कागदावर इतर कामगारांसारखाच, पण त्यातून याच कमांडंट व्यवस्थेच्या खर्चासाठी कपात: आधी 25 टक्के, ऑगस्ट 1931 पासून 15, नंतर 5. म्हणजे पहारेकऱ्याचा पगारही कैद्याच्याच खिशातून.

खिबिनीच्या अ‍ॅपेटाइट (खतासाठी लागणारं खनिज) खाणींवर बहुसंख्य कामकरी हेच होते, मॅग्निटोगोर्स्कच्या पोलाद कारखान्यावरही त्यांची मोठी संख्या होती. उद्योग त्यांनी उभारले का? हो, बरेचसे.

आणि उलट बाजू. मे 1933 मध्ये ओब नदीतल्या नाझिनो बेटावर सहा हजारांवर माणसं उतरवली. शहरात राहायला लागणारा अंतर्गत पासपोर्ट नसलेल्यांना हुसकवण्याच्या मोहिमेत उचललेली, बरीचशी रस्त्यावरच्या कपड्यांत. अवजारं नाहीत, भांडी नाहीत, निवारा नाही. वाटलं काय, तर सुटं पीठ. लोकांनी ते टोपीत घेतलं, नदीच्या पाण्यात कालवून खाल्लं, आणि हगवणीने माणसं पडायला लागली. पुढे माणसाचं मांस खाण्यापर्यंत गेलं. ऑगस्टपर्यंत दोन-अडीच हजारच उरले. जमीन कसायला म्हणून पाठवलेले लोक हे!

1932 ते 1940 या काळात वसाहतींमधून सहा लाखांवर लोक पळाले. पावणेचार लाखांवर मेल्याची नोंद आहे.

ध्रुवीय रात्र:

नाझिनो ही अनागोंदी होती, धोरण नव्हे. वरिष्ठांनी चौकशी नेमली, स्थानिक अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. आणि कामाचे आकडे खोटे असायचे हा आक्षेपही नेहमी येतो, पण त्यावरून फक्त छावण्यांना झोडपू नका. काम फुगवून दाखवणं मोकळ्या कारखान्यांतही चालायचं.

कमांडंटची वही:

चौकशी झाली ती नाझिनोजवळच्या नारिम भागातल्या एका पक्ष प्रशिक्षकाने थेट स्तालिनला पत्र लिहिलं म्हणून. माणसं तोवर मेली होती. आणि तयारी नसताना हजारोंनी माणसं पाठवायची हे धोरण नाही तर काय?

कुदळफावडं:

खोटे आकडे सगळीकडे होते, कबूल. पण छावणीतल्या 'तुफ्ता'चा, म्हणजे खोट्या हिशोबाचा, प्रकार बघा. ओंडक्यांच्या टोकांवर मोजणीचा शिक्का असायचा. रात्री ती टोकं चकतीसारखी कापायची, ओंडके पुन्हा रचायचे, की सकाळी तोच ढीग नव्याने मोजला जातो. मुकादमाला खोटं लिहावंच लागायचं, नाहीतर टोळी उपाशी मरणार. मोजणीदार, वाहतूकवाला, नदीतून ओंडके सोडणारा, सगळे तोच आकडा पुढे ढकलायचे. शेवटी जे लाकूड मुळात तोडलंच नाही ते 'नदीत बुडालं' म्हणून खर्ची पडायचं. मोकळ्या कारखान्यात खोटं लिहिलं नाही तर बोनस बुडतो. इथे पाव.

ध्रुवीय रात्र:

तरीही मार्च 1953 मध्ये जी वीसेक कामं बंद केली त्यात नोरिल्स्क नाही, कोलिमा नाही. ती धातू मंत्रालयाकडे सोपवली. चालणारी होती म्हणूनच ना?

कुदळफावडं:

खाणी चालणाऱ्या होत्या, छावणी नव्हे. त्याच महिन्यात गृहमंत्री बेरियाने स्वतः लिहून दिलं की 25 लाखांवरच्या कैद्यांपैकी राज्याला खरोखर धोकादायक जेमतेम सव्वादोन लाख; मग माफीत सुमारे 12 लाख सोडले. त्याआधी 1950 मध्येच कैद्यांना मजुरी सुरू करावी लागली होती, कारण पावाच्या धाकाने काम निघेनासं झालं होतं. आणि नोरिल्स्कमध्ये मे 1953 मध्ये संप झाला, जुलैत व्होर्कुतात. मागण्या काय, तर कपड्यांवरचे नंबर काढा, कामाचे तास कमी करा, घरी पत्रं लिहू द्या. संप गोळ्या घालून मोडले, पण नंबर निघाले.