मदत हवी आहे: राउटर रीबूट झाला की नेटफ्लो बंद

नमस्कार मंडळी, ब्रँच ऑफिसचा राउटर रीबूट झाला की कलेक्टरवर (राउटरकडून ट्रॅफिकची माहिती जमा करणारा सर्व्हर) नेटफ्लो व्हर्जन ९ चे (ती माहिती पाठवायची पद्धत) ग्राफ कोरे. पावसाळ्यात लाइट जातेच, त्यामुळे रोजचीच कटकट.

टीसीपीडंप (पॅकेट पकडून दाखवणारं टूल) लावला तर यूडीपी २०५५ वर पॅकेट येताना दिसतात, पण नुसते डेटा फ्लोसेट, म्हणजे कच्च्या नोंदींचे गठ्ठे. त्या नोंदींत कुठलं फील्ड कुठे हे सांगणारं टेम्प्लेट येतच नाही. त्याशिवाय कलेक्टर ते वाचणार कसं? टेम्प्लेट रिफ्रेश (ते पुन्हा पाठवायचं अंतर) १० मिनिटांवर आहे, तासभर थांबूनही फरक नाही. एक्स्पोर्टर (राउटरमधला ही माहिती पाठवणारा भाग) काढून पुन्हा लावला की लगेच सुरू!

सोर्स लूपबॅक (राउटरचा कायम चालू राहणारा आभासी इंटरफेस) आहे, इंटरफेस इंडेक्सही (इंटरफेसचे क्रमांक) बदलत नाहीत. वॅन लिंक (ब्रँचला बाहेरच्या नेटवर्कशी जोडणारी लाइन) चालू व्हायच्या आधीच एक्स्पोर्टर उठतो, असा माझा संशय. तो उशिरा सुरू करायची सोय कुणी केलीय का? की फर्मवेअरचाच घोळ? स्क्रिप्टचा जुगाड शक्यतो नको.