आलेखात रेघ वर चढली म्हणजे गाडी घाट चढली, असं का नाही?

चिपळूणची_आई
नमस्कार. मुलगा नववीत, मराठी माध्यम. विज्ञानाचा पहिलाच धडा ‘गतीचे नियम’ आणि पहिल्याच चाचणीत आलेखाच्या प्रश्नाला भोपळा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर घरापासूनचं अंतर. रेघ आधी तिरकी वर जाते, मग थोडी आडवी, मग उतरत पुन्हा शून्यावर. ‘या प्रवासाचे वर्णन करा.’ पठ्ठ्याने लिहिलं, ‘गाडी घाट चढली, माथ्यावर सपाटीने गेली आणि पलीकडे उतरली.’ बाईंनी लाल फुली मारली.

खरं सांगू? मलाही तेच वाटलं होतं. ह्याचे बाबा चिपळूण-कराड ट्रक चालवतात. आमच्या घरात रेघ वर गेली की कुंभार्ली घाटच! मी कॉमर्सवाली. विस्थापन, वेग, त्वरण, सगळ्या व्याख्या तो घडाघडा म्हणतो, पण आलेख समोर आला की बोंब. त्यात पुढच्याच पानावर वेग-काल आलेख, आणि तिथे म्हणे आडव्या रेघेचा अर्थ वेगळा. कुणी साध्या भाषेत सांगेल का? व्हिडिओ सुचवू नका, ते बघून झालेत.

खडूवाला
ताई, माझ्या वर्गात दरवर्षी कुणीतरी हा डोंगर चढतंच. एक करा. जाड कागद घ्या, त्याला मधोमध काडेपेटीच्या काडीएवढी बारीक उभी फट कापा. कागद आलेखावर ठेवून डावीकडून उजवीकडे सावकाश सरकवा. आता आख्खी रेघ दिसणार नाही, फटीत फक्त एक ठिपका दिसेल. तो वर सरकेल, थांबेल, मग खाली येईल. तो ठिपका म्हणजे गाडी. वर म्हणजे घरापासून लांब, खाली म्हणजे घराकडे. उजवीकडे जातो तो फक्त वेळ, आणि तो तुमचा हात सरकवतोय.

अक्ष_आधी_वाचा
माझी एक बारीक कुरकुर. उभ्या अक्षावर एकूण कापलेलं अंतर असेल तर रेघ कधीच उतरत नाही. ट्रकचं किलोमीटर मीटर बघा. कराडला जाऊन परत आलात की जवळपास 200 वाढलेले असतात, परतीच्या वाटेवर आकडा काही मागे फिरत नाही. विस्थापन, म्हणजे निघालो तिथून पोचलो तिथपर्यंतचं सरळ अंतर, मात्र शून्य, कारण गाडी पुन्हा दारात. तुमच्या प्रश्नात ‘घरापासूनचं’ हा शब्द आहे, म्हणून रेघ खाली येऊ शकते. हा एक शब्द न वाचता पोरं थेट रेघेकडे बघतात.

निवृत्त_कंट्रोलर
मी रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होतो, म्हणजे आपल्या टापूतली कुठली गाडी कुठे थांबवायची, कुठली आधी सोडायची हे ठरवणारा. तुमच्या कोकणात नव्हे, पण सिंगल लाईनवरच. सगळी नोकरी हाच आलेख काढण्यात गेली. टेबलभर चार्ट, आडवी वेळ, उभी स्टेशनं. स्टेशन मास्तरचा फोन आला, ‘अमुक गाडी पास झाली’, की पेन्सिलीने ठिपका, पट्टी लावून रेघ. आता संगणक काढतो.

एक्सप्रेसची रेघ उभट, मालगाडीची लोळलेली. रेघेचा चढ म्हणजेच वेग, रुळाचा चढ नव्हे. घाटात इंजिन धापा टाकत चढत असेल तर कागदावर रेघ उलट लोळते, कारण गाडी हळू झाली. हे तुमच्या चिरंजीवांना मुद्दाम सांगा. आणि रेघ अगदी सरळ उभी कधीच येत नाही. आली तर गाडी एकाच क्षणी खेडलाही आहे आणि चिपळूणलाही.

आता त्याला हे काढायला लावा. खेड, मधे अंजनी, खाली चिपळूण. एकच रूळ, क्रॉसिंग (समोरासमोरच्या गाड्यांनी एकमेकींना ओलांडणं) फक्त स्टेशनात होतं असं धरा. खेडहून एक गाडी सोडा, चिपळूणहून दुसरी. दोन्ही रेघा कुठेतरी एकमेकींना छेदणारच. दोन स्टेशनांच्या मधे छेदल्या की पोटात गोळा! मग पहिलीला अंजनीत उभं करायचं, म्हणजे तिची रेघ तिथून आडवी ओढायची, समोरची येईपर्यंत. गाडीतले प्रवासी आमच्या नावाने बोटं मोडतात ती ह्याच आडव्या रेघेपायी.

चिपळूणची_आई
फटीचा कागद जमला! ठिपका खाली यायला लागल्यावर तो स्वतःच म्हणाला, ‘अगं, ही तर परत येतेय.’ आता वेग-काल आलेख. तिथेही रेघ खाली आली म्हणजे परत येतेय, असं तो म्हणतो.

खडूवाला
तिथे नाही. तिथे उभ्या अक्षावर स्पीडोमीटरचा काटा आहे असं समजा. स्टँडवरून बस सुटली, 10 सेकंदांत शून्यावरून ताशी 36 किमी, म्हणजे सेकंदाला 10 मीटर. पुढे 20 सेकंद काटा तिथेच. मग ब्रेक, 5 सेकंदांत थांबली. आडवी रेघ आहे तिथे बस उभी नाही, एका वेगाने पळतेय, म्हणून त्वरण (वेग बदलण्याचा दर) शून्य. रेघ उतरते तेव्हाही बस पुढेच जातेय, फक्त मंदावतेय. उलट दिशेने जायला रेघ शून्याच्या खाली उतरावी लागते.

अंतर हवं तर रेघेखालचं क्षेत्रफळ मोजा. पहिला त्रिकोण 50, मधला आयत 200, शेवटचा त्रिकोण 25. एकूण 275 मीटर. हे मीटर कसे झाले, असं पोरगा नक्की विचारेल. आयताची उंची सेकंदाला 10 मीटर, रुंदी 20 सेकंद; गुणाकारात सेकंद कटतात.

चिपळूणची_आई
सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर त्याने बाबांच्या फेरीचा आलेख काढला, चिपळूणपासूनचं अंतर आणि वेळ. घाटात रेघ लोळवली, कंट्रोलर काकांनी सांगितलं तशी. कोयनानगरला आडवी रेघ, वर लिहिलं ‘चहा, 40 मिनिटं’. ह्यांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाले, ‘रेघ बरोबर आहे, पण इतकी लांब नाही.’ आता दोघांचा त्यावरून वाद चाललाय.