मदत हवी आहे: नवीन संगणकावर पॉवरपॉइंटमधले व्हिडिओ चालत नाहीत

शेवंती

नमस्कार मंडळी,

मी एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. आमच्या प्रयोगशाळेतला विंडोज ७ चा जुना संगणक गेला आणि त्या जागी विंडोज ११ चा नवा आला. जुन्यावरचं सगळं एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर उतरवून घेतलं आहे. त्यात माझ्या आधीच्या सरांची चाळीसेक प्रेझेंटेशन्स आहेत. निवृत्त होताना त्यांनी ती विभागाला दिली आणि दरवर्षी आम्ही ती वर्गात वापरतो.

फाइल उघडते. मजकूर, आकृत्या, बाण सगळं जागच्या जागी. व्हिडिओच्या ठिकाणी त्याचं पहिलं चित्रही दिसतं, त्यामुळे वरवर बघता काही बिघडलंय असं वाटतच नाही. प्ले दाबलं की मग 'मीडिया नॉट फाउंड' येतं. थोड्या फाइल्समध्ये त्याऐवजी 'कोडेक अनअव्हेलेबल' येतं.

व्हिडिओ हरवलेले नाहीत. हार्ड डिस्कवर 'जुना पीसी' फोल्डर, त्यात 'ई ड्राइव्ह', त्यात 'बायो व्हिडिओ', आणि तिथे सगळे आहेत. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये एकूण एक चालतात. फक्त पॉवरपॉइंटला ते सापडत नाहीत.

माझ्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ आहे. सरांनी बहुतेक काम ऑफिस २०१० मध्ये केलं होतं, काही फाइल्स त्याहून जुन्या पीपीटी स्वरूपातल्या आहेत. अकरावीचे तास सुरू आहेत, त्यामुळे जरा घाई आहे. कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा.

अवकाळी

पॅरामेशियम, अमिबा यांचे यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत, तेही एचडी. जुनं दुरुस्त करण्यात वेळ घालवण्यापेक्षा नवीन प्रेझेंटेशन करा. नाहीतर प्रत्येक स्लाइडवरचा व्हिडिओ डिलीट करून पुन्हा इन्सर्ट करा, एका दुपारचं काम आहे.

शेवंती

@अवकाळी, यूट्यूबवर चांगले व्हिडिओ आहेत हे खरं आहे, मी ते वापरतेही. पण हे व्हिडिओ सरांनी आमच्याच सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसला कॅमेरा लावून घेतले आहेत. नमुने गावाबाहेरच्या तळ्यातले. ते तळं आता बुजवलं. तिथल्या हायड्रिलाच्या पानात हरितलवकं पेशीच्या कडेकडेने फिरताना दिसतात. एका बेडूकमाशाच्या शेपटीतली केशवाहिनी आहे, तिच्यातून रक्तपेशी एकामागे एक सरकतात. आपल्याच टेबलावरच्या, आपल्याच तळ्यातल्या जिवाचा व्हिडिओ आहे म्हटल्यावर मुलं पुढे सरकून बघतात. त्यातल्या काहींच्या मोठ्या भावंडांनी ते नमुने आणून दिलेले आहेत.

पुन्हा इन्सर्ट करण्याचं म्हणाल तर त्यात सरांची खरी मेहनत जाते. पॅरामेशियमच्या व्हिडिओत कॉन्ट्रॅक्टाइल व्हॅक्युओल (पेशीतलं जास्तीचं पाणी बाहेर टाकणारी पिशवी) जिथे मिटतं, नेमक्या त्या क्षणी लाल बाण येतो आणि पुढच्या क्षणी जातो. असं प्रत्येक व्हिडिओत ठिकठिकाणी आहे. मी एका प्रतीवर व्हिडिओ नवीन टाकून बघितला, तर बाण सगळे सुटे झाले. म्हणून जोडणीच दुरुस्त करायची आहे.

रानपाखरू

शेवंतीताई, तुमच्या सरांनी केलंय ते बुकमार्क ट्रिगर आहे. २०१० पासून ही सोय आली. व्हिडिओतल्या एका वेळेवर खूण करायची आणि त्या खुणेला अॅनिमेशन बांधायचं. व्हिडिओ डिलीट केला की खुणाही जातात, त्यामुळे तुमचं बरोबर आहे, डिलीट करू नका.

काय झालंय ते सांगतो. २०१० पासून पॉवरपॉइंट व्हिडिओ फाइलच्या पोटात ठेवतं, पण इन्सर्टच्या बटणाशेजारी छोटा बाण असतो, त्यात 'लिंक टू फाइल' असा पर्याय मिळतो. फाइल जड होऊ नये म्हणून बरेच जण तोच घेत. मग प्रेझेंटेशनमध्ये पहिलं चित्र आणि व्हिडिओचा पत्ता एवढंच राहतं. २००७ आणि त्याआधी तर व्हिडिओला लिंकशिवाय दुसरा मार्गच नव्हता. सरांच्या फाइल्समध्ये बहुधा 'ई ड्राइव्ह, बायो व्हिडिओ, अमुक फाइल' असा पत्ता आहे आणि तुमच्या नव्या संगणकावर त्या नावाचा ड्राइव्ह नाही.

खात्री करायची तर एका पीपीटीएक्स (पॉवरपॉइंटच्या नव्या स्वरूपातल्या) फाइलची प्रत घ्या. एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा आणि प्रतीच्या नावाचं शेपूट बदलून झिप करा. पीपीटीएक्स ही आतून झिपच असते. उघडून पीपीटी, स्लाइड्स, रेल्स असं आत जा. प्रत्येक स्लाइडच्या नावाची एक फाइल असेल, ती नोटपॅडमध्ये उघडा. 'टार्गेट' या शब्दापुढे पत्ता लिहिलेला दिसेल. तो काय आहे ते इथे लिहा.

शेवंती

दिसला! बहुतेक स्लाइड्समध्ये ई ड्राइव्हचाच आहे, 'बायो' आणि 'व्हिडिओ'च्या मध्ये टक्क्याचं चिन्ह आणि २० असं काहीतरी येतंय. काही ठिकाणी मात्र सी ड्राइव्ह, युजर्स, लॅब, डेस्कटॉप असा पत्ता आहे. आणि एकेक पत्ता दोनदा का दिसतो?

माझ्याकडे ई ड्राइव्ह आहे तसा, पण पेन ड्राइव्ह लावला की तो ई होतो.

रानपाखरू

टक्का २० म्हणजे मोकळी जागा, ती तशीच राहू द्या. २०१० पासून एकाच व्हिडिओसाठी दोन नोंदी असतात, एक जुन्या आवृत्त्यांसाठी आणि एक नव्यांसाठी. हाताने पत्ता बदलायची वेळ आली तर दोन्हीकडे बदला.

पण चाळीस प्रेझेंटेशन्समध्ये हाताने कशाला बदलताय? पत्ता तोच ठेवून त्या पत्त्यावर घर उभं करू. सगळं प्रतींवर करा, मूळ फाइल्स बाजूला ठेवा.

पेन ड्राइव्ह काढा. हार्ड डिस्कवरचा 'ई ड्राइव्ह' फोल्डर सी ड्राइव्हवर कॉपी करून त्याला एकशब्दी नाव द्या, समजा जीवशास्त्र, पण इंग्रजी अक्षरांत. मग कमांड प्रॉम्प्ट (विंडोजला आज्ञा टाइप करून द्यायची खिडकी) उघडा आणि सब्स्ट (स्पेलिंग एस, यू, बी, एस, टी), जागा, ई आणि विसर्गासारखं कोलन, जागा, त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता, एंटर. विंडोज आता त्या फोल्डरलाच ई ड्राइव्ह समजेल. 'धिस पीसी'मध्ये तो दिसेल. कमांड प्रॉम्प्ट साधाच उघडा, 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' करू नका. तसं केलं तर तो ड्राइव्ह पॉवरपॉइंटला दिसत नाही, आणि इथे भलेभले अडकतात.

डेस्कटॉपवाल्या पत्त्यांसाठी सी ड्राइव्हच्या युजर्समध्ये लॅब आणि त्यात डेस्कटॉप असे फोल्डर करा (विंडोज परवानगी मागेल, द्या) आणि त्यात ते व्हिडिओ टाका.

आता प्रेझेंटेशन उघडा, व्हिडिओ चालायला हवेत.

कोकमसार

रानपाखरू यांनी नेमकं सांगितलंय, पण ताई, तिथेच थांबू नका. सब्स्टने केलेला ड्राइव्ह संगणक बंद करून चालू केला की जातो. व्हिडिओ चालायला लागले की लगेच ते फाइलच्या आत घ्या.

फाइल मेनूत इन्फो उघडा. उजवीकडे खाली 'एडिट लिंक्स टू फाइल्स' दिसेल. त्यात व्हिडिओ निवडून 'ब्रेक लिंक' दाबा. नाव वाचून हात थांबतो, कारण लिंक तोडा म्हणजे व्हिडिओ जाईल असं वाटतं. पण व्हिडिओच्या बाबतीत याचा अर्थ उलटा आहे. बाहेरची जोडणी तोडून व्हिडिओ प्रेझेंटेशनमध्ये भरला जातो. मात्र त्या क्षणी व्हिडिओ त्याच्या पत्त्यावर सापडलाच पाहिजे, म्हणून आधी सब्स्ट, मग हे. सेव्ह केल्यावर फाइलचा आकार वाढला का ते बघा, वाढला म्हणजे व्हिडिओ आत आला.

जुन्या पीपीटी फाइल्स असतील तर आधी इन्फोमधलं 'कन्व्हर्ट' दाबून पीपीटीएक्स करून घ्या. जुन्या स्वरूपात व्हिडिओ आत बसत नाही.

'कोडेक अनअव्हेलेबल'चं दुखणं वेगळं आहे. तिथे पॉवरपॉइंटला फाइल सापडते, पण वाचता येत नाही. व्हीएलसी स्वतःचे कोडेक (व्हिडिओ उलगडून दाखवणारे छोटे प्रोग्राम) स्वतःबरोबर घेऊन येतो म्हणून त्याच्यात सगळं चालतं. पॉवरपॉइंट विंडोजमधले वापरतं. जुन्या कॅमेऱ्यांच्या एव्हीआय आणि एमओव्ही फाइल्स असणार. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातून एमपी४ करून घ्या, चित्र एच.२६४ आणि आवाज एएसी. व्हिडिओची सुरुवात किंवा शेवट अजिबात कापू नका. बुकमार्क वेळेवर बांधलेले असतात, लांबी तीच राहिली तर बाण अचूक क्षणी येतील.

रानपाखरू

यात एक भर. एमपी४ केल्यावर नावाचं शेपूट बदलतं, त्यामुळे तेवढ्या व्हिडिओंचे पत्ते मात्र नोटपॅडने बदलावे लागतील. झिप उघडून रेल्समधली फाइल बाहेर ओढा, एव्हीआयच्या जागी एमपी४ लिहा, दोन्ही नोंदींत, सेव्ह करा, परत त्याच जागी टाका आणि झिपचं पुन्हा पीपीटीएक्स करा. पूर्ण झिप सोडवून नव्याने बांधू नका. बांधताना एक फोल्डर जास्तीचा आला तर पॉवरपॉइंट फाइल उघडत नाही.

शेवंती

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. आज कॉलेज सुटल्यावर लॅबमध्ये बसले होते. सब्स्ट केल्याबरोबर ई ड्राइव्ह दिसला आणि पहिल्याच फाइलमध्ये पॅरामेशियम पोहायला लागला. ब्रेक लिंकनंतर ई ड्राइव्ह काढून टाकून पुन्हा चालवून बघितला, तरी चालला. बाण व्हॅक्युओल मिटताना येतो, त्याच जागी. पेशीविभाजन, केशवाहिनी, गांडुळाची पृष्ठवाहिनी, सगळं परत आलं. सरांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले डास-अळीचा व्हिडिओ आधी बघ, तो सगळ्यात अवघड होता. तोही चालतो.

दोन गोष्टी राहिल्यात. एका प्रेझेंटेशनमध्ये व्हिडिओ नाही, हृदयाच्या झडपांचं हलतं चित्र आहे, तिथे नुसता पांढरा चौकोन दिसतो. सर म्हणाले ते फ्लॅशमध्ये (हलती चित्रं करायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये) केलं होतं. आणि केशवाहिनीची फाइल इतकी जड झाली की उघडायला वेळ लागतो.

कोकमसार

वजनासाठी इन्फोमध्येच 'कॉम्प्रेस मीडिया' आहे. ७२० पी निवडा. ४८० पी घेऊ नका, रक्तपेशींच्या कडा धूसर होतील. कॉम्प्रेस करण्याआधीची प्रत मात्र ठेवा.

फ्लॅशचा आधार अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला संपवला, त्यामुळे ते स्लाइडमध्ये आता चालणार नाही. 'बायो व्हिडिओ' फोल्डरमध्ये एसडब्ल्यूएफ शेपटाची फाइल शोधा. असेल तर रफल नावाचा फुकट प्लेअर बऱ्याच जुन्या फ्लॅश फाइल्स चालवतो. त्यात ती चालवा, स्क्रीन रेकॉर्ड करा आणि तो एमपी४ त्या पांढऱ्या चौकोनाच्या जागी टाका. तिथे बुकमार्क नसल्यामुळे नव्याने इन्सर्ट केलं तरी काही जात नाही.

अवकाळी

केशवाहिनीचा व्हिडिओ सरांची परवानगी घेऊन इथे टाकता येईल का? माझी मुलगी अकरावीला आहे.

शेवंती

विचारते त्यांना. एसडब्ल्यूएफ फाइल सापडली आहे, उद्या रफलमध्ये लावून बघते आणि इथेच कळवते.

रानपाखरू

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचा जुना संगणक अजून चालू आहे त्यांच्यासाठी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे बरेच जण सध्या संगणक बदलत आहेत. निघण्याआधी जुन्यावरच फाइल, एक्स्पोर्ट, 'पॅकेज प्रेझेंटेशन फॉर सीडी', मग 'कॉपी टू फोल्डर' करा आणि लिंक केलेल्या फाइल्सचा पर्याय चालू ठेवा. प्रेझेंटेशन आणि त्याचे सगळे व्हिडिओ एका फोल्डरमध्ये येतात. लिंक जिवंत असतानाच हे होतं, नव्या संगणकावर गेल्यावर नाही. मॅकवर हा पर्याय नाही, तिथे थेट व्हिडिओ आत घेतलेले बरे.

ताई, हृदयाचं काय झालं ते कळवा.