मदत हवी आहे: कॉन्व्हेंट शाळेच्या नव्या शिस्त-नियमावलीवर पालक-शिक्षक संघाने काय दुरुस्त्या सुचवाव्यात? (सातारा)

शाहूनगर_पालक

नमस्कार मंडळी. सातारा शहरातली सिस्टर्सनी चालवलेली कॅथोलिक शाळा. इंग्रजी माध्यम, स्टेट बोर्ड, विनाअनुदानित, पहिली ते दहावी. मी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारिणीवर आहे. येत्या जूनपासून लागू होणाऱ्या शिस्त-नियमावलीचा मसुदा आमच्याकडे आलाय आणि लेखी सूचना मागवल्यात. प्रिन्सिपल सिस्टर ऐकून घेणाऱ्या आहेत, म्हणून भांडण नको, नेमकी दुरुस्ती हवी. खटकणारी कलमं अशी:

१) डायरीत तीन रिमार्क झाले की पालकांना बोलावणं, पाचला एक दिवस निलंबन, सातला दाखला.
२) उशिराला १० रुपये दंड, आवारात इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत बोललं तर ५ रुपये.
३) राखी, मेंदी, मनगटातला धागा, टिकली, बांगड्या पूर्ण बंद.
४) मोबाईल सापडला तर वर्ष संपेपर्यंत जप्त.
५) सकाळची प्रार्थना आणि पहिल्या शुक्रवारचा मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) सर्वांना सक्तीचा.
६) पालकांचं हमीपत्र: 'शाळेचा निर्णय अंतिम राहील, कुठल्याही कार्यालयात किंवा न्यायालयात जाणार नाही.'

अल्पसंख्याक शाळेला आरटीई (शिक्षण हक्क कायदा) लागू नाही असं एक पालक ठासून सांगतात. मग छडी आणि नाव काढणं यावरची बंदीही नाही, असा अर्थ होतो का?

कोर्टकचेरी_सातारा

आधी शेवटचा प्रश्न, कारण तिथेच सगळे घसरतात.

आरटीई कायदा २००९ च्या कलम १६ मध्ये प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करायची मुभा राज्यांना मिळाली, पण काढून टाकण्याची नाही. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी घालतं. २०१४ च्या प्रमती निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा कायदा अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू नाही असं ठरवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाबद्दल शंका घेऊन मुद्दा मोठ्या पीठाकडे जावा असं म्हटलंय. म्हणजे तुमचे पालक अर्धे बरोबर आहेत.

उरलेलं अर्धं असं. आरटीई बाजूला ठेवला तरी मारहाण मोकळी होत नाही. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ आहेच: ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने क्रूरपणे वागवलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलांची काळजी सोपवलेल्या संस्थेतल्या माणसाने केलं तर ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखांपर्यंत दंड. शिवाय भारतीय न्याय संहितेतलं दुखापतीचं कलम ११५ आहे. संविधानाचं अनुच्छेद ३० संस्थेला कारभाराचा हक्क देतं, गैरकारभाराचा नाही. सर्वोच्च न्यायालय हे १९५८ च्या केरळ शिक्षण विधेयकाच्या वेळेपासून सांगत आलंय.

पहिलं पाऊल म्हणून शाळेकडे अल्पसंख्याक दर्जाच्या प्रमाणपत्राची प्रत मागा. ते राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाचं असतं किंवा राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोगाचं. नावात 'सेंट' आहे एवढ्यावर गृहीत धरू नका.

मसुद्यातलं कलम ६ सरळ खोडायला सांगा. न्यायालयात जायचा मार्गच बंद करणारा करार भारतीय करार कायद्याच्या कलम २८ खाली निरर्थक ठरतो. त्याचा उपयोग एकच, पालकाला घाबरवणं. त्याजागी 'नियमावली वाचली, समजली, प्रत मिळाली' एवढ्यावर सही घ्या. शाळेलाही पुढे कामी येणारी सही तीच आहे.

जुना_हेडमास्तर_कराड

कलम १ वर. रिमार्क मोजून शिक्षा ठरवायची पद्धत मोडते ती अशी: गृहपाठ राहिला, बूट पॉलिश नाही, मुलाने दुसऱ्याचं डोकं फोडलं, तिन्हीला एकच रिमार्क. त्यात एक शिक्षक उठसूट लाल शाई वापरतात, दुसरे वर्षभर लिहीतच नाहीत. सातवी 'अ' आणि सातवी 'ब' ला मग दोन वेगळे कायदे लागू होतात.

दुरुस्ती सुचवा ती अशी. वागणुकीच्या तीन पायऱ्या करा. पहिलीत गणवेश, उशीर, वही, गप्पा. हे वर्गशिक्षकाने वर्गातच मिटवायचं, डायरीत कळवणी जाईल पण ती पुढच्या पायरीत मोजायची नाही. दुसरीत कॉपी, शिवीगाळ, तास बुडवणं, वस्तू फोडणं. इथे पर्यवेक्षक, पालकभेट आणि भरपाईचं काम. तिसरीत मारामारीत इजा, सतत छळ, नशेचा पदार्थ, हत्यार. इथे प्रिन्सिपल आणि समिती. अभ्यासाच्या चुका या तक्त्यात आणूच नका. गृहपाठ न केलेलं मूल बेशिस्तच असतं असं नाही, कधी त्याला फळ्यावरचं दिसत नसतं.

दर सत्राला पहिल्या पायरीच्या नोंदी शून्यावर आणा. नाहीतर जुलैचा विसरलेला बेल्ट फेब्रुवारीत निलंबनाला मोजला जातो.

निलंबन शक्यतो शाळेतच ठेवा, म्हणजे वेगळ्या खोलीत, शिक्षकाच्या नजरेखाली, त्या दिवसाचा अभ्यास देऊन. घरी पाठवलं तर आईवडील कामावर आणि पोरगं राजवाड्यावर, चौपाटीच्या गाड्यांपाशी. त्याला ती सुट्टीच वाटते. घरी पाठवायचंच तर किती दिवस, कोणत्या तारखेपासून, परीक्षा आली तर काय, हे लेखी हवं. आणि मस्टरला तो दिवस काय म्हणून लागणार? दहावीला बोर्डाची ७५ टक्के हजेरीची अट आहे. निलंबनाचे दिवस गैरहजर लागले तर शिक्षा दोनदा होते, दुसरी फेब्रुवारीत कळते.

फलटण_रोड

एवढी चिरफाड कशाला? शिस्तीसाठीच तर कॉन्व्हेंटला घालतो आपण. नियम पटत नसतील तर दुसऱ्या शाळा आहेत की.

जुना_हेडमास्तर_कराड

शिस्त नको असं कुणी म्हटलंय? अहो, नियम ढिसाळ असला की तो पहिल्यांदा मोडतो ते वजनदार पालकाच्या मुलासाठी, आणि मग बाकीच्यांवर चालवायला तोंड राहत नाही. नेमका नियम कडकही ठेवता येतो.

घंटा_आणि_देऊळ

कॅथोलिक शाळांच्या कारभाराची माहिती आहे म्हणून कलम ५ आणि अपील यावर लिहितो.

पहिल्या शुक्रवारचा मिस्सा ही येशूच्या पवित्र हृदयाची भक्ती आहे. तो कॅथोलिकांनाही सक्तीचा नाही. त्यांना बंधन आहे ते रविवारचं आणि ठरलेल्या मोठ्या सणांचं. जे चर्च आपल्या माणसांवर लादत नाही ते शाळेने साताऱ्यातल्या हिंदू-मुस्लिम मुलांवर लादणं चर्चच्याच नियमात बसत नाही. कॅनन (चर्चच्या कायद्याचं कलम) ७४८ सांगतं की कुणाला त्याच्या सद्सद्विवेकाविरुद्ध कॅथोलिक श्रद्धा स्वीकारायला भाग पाडता येत नाही. एप्रिल २०२४ मध्ये भारतीय कॅथोलिक बिशप्स परिषदेने आपल्या शाळांना सूचना दिल्या, त्यात इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका आणि सकाळी संविधानाची उद्देशिका म्हणा, हे दोन्ही आहे. सिस्टरांशी बोलताना हा कागद पुढे ठेवा. वकिली नोटिशीपेक्षा तो पटकन पोचेल.

कायद्याच्या बाजूने अनुच्छेद २८(३) आहे. राज्याने मान्यता दिलेल्या किंवा अनुदान दिलेल्या शाळेत धार्मिक शिक्षण वा उपासनेला हजर राहायला संमती लागते, मूल अज्ञान असेल तर पालकाची. म्हणून प्रवेशाच्या वेळी एक स्वतंत्र संमतीपत्र ठेवा, हो किंवा नाही, कारण विचारायचं नाही. आणि 'नाही' म्हणणाऱ्या मुलांनी त्या तासाला कुठे बसायचं हे लिहा: वाचनालय, सोबत एक शिक्षक. हे लिहिलं नाही तर ती मुलं व्हरांड्यात उभी राहतात आणि न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगल्यासारखी दिसतात. असेंब्लीत शांत उभं राहणं पुरेसं मानावं. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात राष्ट्रगीताला आदराने उभ्या राहिलेल्या पण न गाणाऱ्या केरळच्या तीन मुलांना शाळेने काढलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं.

आता अपील. मसुद्यात 'प्रिन्सिपलच्या निर्णयावर मॅनेजरकडे दाद' असं असेल तर आधी मॅनेजर कोण ते बघा. बऱ्याच कॉन्व्हेंटांत प्रिन्सिपल आणि मठाच्या सुपीरियर (प्रमुख) एकच सिस्टर असतात, म्हणजे दाद त्याच टेबलावर. अपील सिस्टर्सच्या संस्थेच्या प्रोव्हिन्शियल (प्रांतीय प्रमुखांच्या) कार्यालयाने नेमलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडे जावं. सातारा पुणे धर्मप्रांतात येतो. कॅनन ८०६ नुसार बिशपांना आपल्या हद्दीतल्या सिस्टर्सच्या शाळांनाही भेट देऊन पाहण्याचा अधिकार आहे, पण रोजचा कारभार ते चालवत नाहीत. रिमार्कची तक्रार घेऊन पुण्याला धावू नका.

जाता जाता: डॉन बॉस्को यांनी १८७७ मध्ये मांडलेली प्रतिबंधक पद्धत, म्हणजे विवेक, धर्म आणि माया, यात मूल चुकण्याआधी शिक्षक त्याच्यासोबत असणं हा गाभा आहे. मधल्या सुट्टीत जिन्यावर आणि स्वच्छतागृहाबाहेर कोण उभं राहणार याचं वेळापत्रक नियमावलीला जोडायला सांगा. निम्म्या मारामाऱ्या तिथेच होतात.

समुपदेशक_विश्रामबाग

सांगलीच्या शाळांतही कलम ३ वरून दर श्रावणात वाद होतो. नियम कशासाठी हे आधी ठरवा. सुरक्षितता म्हणून असेल तर काचेच्या बांगड्या, लोंबते डूल आणि खेळाच्या तासाला गळ्यातली साखळी बंद, हे पटण्यासारखं आहे. राखी, नागपंचमीची मेंदी, टिकली यांनी कुणाला इजा होत नाही. मेंदी तर पुसताही येत नाही, मग मुलीने आठ-दहा दिवस घरी बसायचं का? सूचना अशी द्या: सणानंतर ठराविक दिवस मुभा, आणि कुठल्याही परिस्थितीत शिक्षकाने स्वतः हात लावून राखी कापायची नाही, टिकली काढायची नाही. वाद पेटतो तो नियमामुळे कमी, वर्गासमोर चाललेल्या कात्रीमुळे जास्त. आणि नियम सगळ्यांना सारखा हवा, मनगटातला धागा बंद आणि गळ्यातला क्रूस चालतो असं नको.

कलम २: पैशाचा दंड पालकाच्या खिशातून जातो, मुलाला काहीच होत नाही. वर्गात गोळा झालेल्या नाण्यांचा हिशोब राहत नाही आणि बिचाऱ्या मॉनिटरवर संशय येतो. उशिराचं कारण एसटी किंवा व्हॅन असेल तर तो मुलाचा दोषही नाही. मराठी बोलण्यावरचा दंड तर लगेच काढायला लावा. राज्याच्या २०२० च्या मराठी सक्तीच्या कायद्यानुसार शाळेत मराठी बोलण्यावर निर्बंध घालता येत नाहीत.

शाहूनगर_पालक

सर्वांचे मनापासून आभार. मोबाईलचं कलम राहिलं. आणि तिसऱ्या पायरीच्या प्रकरणात चौकशी कशी असावी?

कोर्टकचेरी_सातारा

मोबाईल: बंद करून मुलासमोर पाकिटात घाला, नाव-वेळ लिहा, मुलाची आणि शिक्षकाची सही, ऑफिसच्या कपाटात ठेवा, रजिस्टरला नोंद करा. पालक आले की सही घेऊन परत द्या, पहिल्या वेळी त्याच दिवशी. वर्षभर ठेवून घेतला तर हरवला-फुटला याची जबाबदारी शाळेवर येते.

शिक्षकाने फोन उघडायचा नाही. आत अल्पवयीन मुलीचं आक्षेपार्ह चित्र असलं आणि 'पुरावा' म्हणून शिक्षकांच्या ग्रुपवर पाठवलं, तर पाठवणाराच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब मध्ये अडकतो. तसला संशय आला तर फोन तसाच सीलबंद ठेवून पोलिसांना कळवा. लैंगिक गुन्ह्याची कुणकुण लागली तर पोक्सोच्या (मुलांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या कायद्याच्या) कलम १९ नुसार कळवणं बंधनकारक आहे. शाळेने 'अंतर्गत चौकशी करू' म्हणत थांबायचं नाही, शिस्त समिती त्यात येतच नाही.

चौकशीचा क्रम: घटनेच्या दिवशीच पाहणाऱ्यांनी वेगवेगळं बसून लिहिलेलं निवेदन. आरोप काय ते मुलाला आणि पालकाला लेखी. बाजू मांडायला किमान दोन-तीन दिवस. मुलाचं म्हणणं घेताना पालक किंवा त्याच्या विश्वासाचा मोठा माणूस सोबत. 'मी चूक केली' हे फळ्यावरून उतरवून घेतलेलं कबुलीपत्र नको, त्याला काडीची किंमत नाही. निर्णय कारणांसहित, एका पानावर, अपिलाची मुदत लिहून. तक्रार करणारे शिक्षक समितीत बसणार नाहीत.

रॅगिंगसारखा छळ असेल तर राज्याचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंध कायदा लागतो, त्यात प्रमुखाला ७ दिवसांत चौकशी करावी लागते.

जुना_हेडमास्तर_कराड

एक राहिलं. 'सातला दाखला' काढून टाकताना 'पालकांनी स्वेच्छेने दाखला न्यावा' असं गोड वाक्य मागच्या दाराने येईल, लक्ष ठेवा. पालकाने अर्ज केला की कागदावर ती बदलीच दिसते, मग शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयातही हाताला काही लागत नाही. अर्ज दबावाखाली मागितला असेल तर सही न करता 'लेखी आदेश द्या' एवढंच म्हणायचं. आणि दाखल्यावरच्या वर्तणुकीच्या रकान्यात शेरा मारण्याची धमकी कुठल्याही पायरीवर वापरायची नाही, हेही मसुद्यात घाला.

शाहूनगर_पालक

घालतो. शनिवारच्या मीटिंगला तीन पायऱ्यांचा तक्ता आणि संमतीपत्राचा नमुना टाईप करून नेतोय. बिशप्स परिषदेच्या सूचनांची प्रत कुणाकडे असेल तर व्यक्तिगत निरोपात पाठवा.