‘मंडेला’: मताची किंमत कळली, पण जातीचं काय?

पिंपळपार:
‘मंडेला’ (2021) हा तमिळ चित्रपट काल तिसऱ्यांदा पाहिला. दिग्दर्शक मडोन अश्विनचा हा पहिलाच, मुख्य भूमिकेत योगी बाबू. (शेवटाबद्दल लिहितोय, पाहिला नसेल तर इथेच थांबा.) गावात दोन जातींचे दोन गट. पंचायत अध्यक्षाच्या दोन बायका दोन्ही गटांतल्या, आणि आता त्यांची मुलं एकमेकांविरुद्ध उभी. मतं समसमान. उरतो झाडाखाली राहणारा न्हावी, ज्याला धड नावही नाही. पोस्टात पैसे ठेवायला कागद लागतात म्हणून पोस्टातली बाई त्याला नेल्सन मंडेला हे नाव देते. ओळखपत्र येतं आणि त्याच्यासोबत मत.

मत विकण्याबद्दल इतका प्रामाणिक चित्रपट मी दुसरा पाहिलेला नाही. हा माणूस आधी मिळेल ते सगळं घेतो. जन्मभर उपाशी राहिलेला कुणीही घेईल! 2009 च्या तिरुमंगलमच्या पोटनिवडणुकीपासून तमिळनाडूत मतासाठी पैसे वाटण्याला ‘तिरुमंगलम फॉर्म्युला’ असं नावच पडलं. पाकीट घेणाऱ्याला आपण लगेच नावं ठेवतो. इथे तोच घेणारा पुढे रस्ता, पाणी, शाळा मागायला लागतो आणि दोन्ही उमेदवार चढाओढीने करून देतात. मला तिथे भरून आलं.

धोकटी:
कळकळ पोचली, पण पटलं नाही. माझे आजोबाही न्हावी, बलुत्यावर गावकी करायचे. सुगीला खळ्यावर जाऊन धान्य मागून आणायचं, देईल तेवढं घ्यायचं. म्हणून हा चित्रपट मला टोचतो. त्यातला न्हावी एकटा आहे. ना भाऊबंद, ना वस्ती. एकट्या माणसाच्या पाठीशी शेवटी गाव उभं राहिलेलं दाखवणं सोपं आहे. त्याच्यामागे वस्ती असती आणि तिने खुर्चीच मागितली असती तर?

त्याचं उत्तर मदुराई जिल्ह्यातच आहे. मेलवळवू गावचं पंचायत अध्यक्षपद दलितांसाठी राखीव झालं, मुरुगेसन निवडून आले, आणि 30 जून 1997 ला त्यांच्यासह सहा दलितांना मारून टाकलं. पाप्पापट्टी आणि कीरीपट्टीत राखीव जागेची निवडणूक दहा वर्षं, 2006 पर्यंत, धड होऊ दिली नाही. हे ठाऊक असताना मला तो शेवट गोड मानून घेता येत नाही.

पिंपळपार:
मेलवळवूपुढे माझ्याकडे बोलायला काही नाही. पण शेवट गोड आहे हे मान्य नाही. त्याच्या जिवावर उठलेले लोक चित्रपटात आहेत, आणि निकाल दाखवलेलाच नाही.

शिवारफेरी:
मी पिंपळपारच्या बाजूने. जानेवारी 2021 मध्ये आपल्याच राज्य निवडणूक आयोगाने नाशिकमधल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीची ग्रामपंचायत निवडणूक रद्द केली. कारण, सरपंचपदाचा लिलाव. एप्रिलमध्ये हा चित्रपट आला. लिलावाचा पैसा देवळाला गेला की लोकांना त्यात गैर वाटत नाही, ‘बिनविरोध’ म्हणून कौतुकही होतं. बोली लावायची ज्यांची ऐपत नाही, त्यांचं मत त्या दिवशी जातं कुठे? धोकटी, तुमचा राग रास्त आहे. पण निवडणूक झाली तरच त्या एकट्या माणसाला कुणी विचारेल ना?

धोकटी:
विचारतात, तेवढ्या एका दिवसापुरतं. मतदानाला आजोबांना न्यायला जीप यायची. एरवी वाड्याच्या मागच्या दाराने जाणारा माणूस, त्या दिवशी पुढच्या सीटवर. त्यांनी शिक्का कुणावर मारला, ते आजीलासुद्धा कधी सांगितलं नाही.