चवथीला (गणेश चतुर्थीला) फोन बाजूला ठेवायचे, पण गरजेचा कॉल चुकू नये. कसं जमवायचं?

फोंडा_वसरी:
मूळ घरात चवथीच्या दीड दिवसाला १५-२० माणसं जमतात. सरसकट "फोन बंद" म्हणून चालत नाही. भटजींची वेळ ऐनवेळी पुढे-मागे होते, दुबई-लंडनचे लोक व्हिडिओ कॉलवर दर्शन मागतात आणि घरात वयस्क माणसंही आहेत. फोनमध्ये नेमकं काय लावावं? मुलांचं काय करावं?

माटोळी:
सगळे फोन गप्प करा, फक्त एका फोनचा आवाज चालू ठेवा. पूर्वी लँडलाइन असायची तसा "घरचा फोन". पूर्ण आवाजात, वसरीवर (ओसरीवर), चार्जरला लावून. त्याचा नंबर आठवडाभर आधी भटजी, डॉक्टर आणि परदेशातल्या मंडळींना द्या. त्या फोनवर इन्स्टाग्राम, यूट्यूब नको. कॉल घ्यायला गेलेला माणूस तिथेच अडकतो, योजना बहुतेक तिथेच फसते.
बाकीचे फोन आतल्या खोलीत, ६ सॉकेटच्या पट्टीवर. खाली जाड टॉवेल घाला. लाकडी टेबलावरचं व्हायब्रेशन दोन खोल्या पलीकडे ऐकू येतं आणि प्रत्येकाला वाटतं आपलाच वाजला.

डिचोली_तंत्र:
अँड्रॉइडवर डू नॉट डिस्टर्बमध्ये कॉलसाठी फक्त तारांकित कॉन्टॅक्टना परवानगी द्या आणि "रिपीट कॉलर" चालू ठेवा. त्याच नंबरावरून १५ मिनिटांत दुसरा कॉल आला तर फोन वाजतो. आयफोनवर हीच मुदत ३ मिनिटांची. घरच्यांना एवढंच सांगून ठेवा: तातडीचं असेल तर साधा कॉल, लागोपाठ दोनदा.
व्हॉट्सॲप ग्रुप १ आठवड्यासाठी म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका. तरीही कोणी तुम्हाला मेन्शन केलं तर सूचना येऊ शकते, ते गृहीत धरा. मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा, नाहीतर शुभेच्छांच्या चित्रांनीच फोन भरतो. उलट शुभेच्छा द्यायच्या तर ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा: २५६ जणांपर्यंत एकदाच. मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो.
ॲप टायमरवर फार विसंबू नका. ज्याने लावला तोच दहा सेकंदांत काढतो. आयफोनच्या स्क्रीन टाइमला पासकोड असतो, तो दुसऱ्याने घातला तरच उपयोग. दोन दिवसांसाठी इन्स्टाग्रामसारखं ॲप काढून टाकणं जास्त खात्रीचं. खातं आणि फोटो जागेवर राहतात.

घुमट_पेडणे:
व्हिडिओ कॉलची वेळ आधी ठरवा. रात्री ८ ची आरती म्हणजे दुबईत संध्याकाळचे ६.३०, लंडनला दुपारचे ३.३०. लंडनवाले तेव्हा कामावर असू शकतात, त्यांना आदल्या दिवशीच विचारा. फोन स्टँडवर, मखरापासून ५-६ फुटांवर, आडवा. हातात धरून उभा राहणारा माणूस आरतीला असून नसल्यासारखा होतो, त्याच्या हाती टाळ द्या. कॉलमधली आवाज स्वच्छ करणारी सोय घुमट (मातीच्या भांड्याचं तालवाद्य) आणि टाळांना गोंगाट समजून दाबते, म्हणून दुसऱ्या फोनवर वेगळं रेकॉर्डिंग करा आणि जेवणानंतर पाठवा.
आरत्यांचे बोल फोनवर बघून म्हणणारे पुष्कळ असतात. मोठ्या अक्षरांत (१८ पॉइंट) छापून ६-७ प्रती ठेवा, तीही पळवाट बंद होते.
मुलांना नुसती मनाई करू नका. हात भरतील अशी कामं द्या: नेवऱ्यांचं (करंज्यांचं) सारण भरणं, आदोळीवर (विळीवर) खोबरं किसणं (मोठं कोणी जवळ असेल तरच), माटोळीला (गणपतीच्या वर टांगलेली फळा-पानांची चौकट) आंबाडे, चिबूड, तोरिंगं ही फळं बांधणं. पिठाच्या हाताने फोन कोणी उचलत नाही. माटोळीत काय काय टांगलंय त्याची नावं आजीला विचारून वहीत लिहायला लावा.

फोंडा_वसरी:
देव बरें करूं! ॲप काढलं तर अर्धवट बनवलेल्या रील्स जातील का?

डिचोली_तंत्र:
ड्राफ्टमधल्या जातात, कारण ड्राफ्ट फोनवरच असतात. काढण्याआधी प्रत्येक ड्राफ्ट गॅलरीत सेव्ह करा. पासवर्ड आठवतो का तेही तपासा.